डिटेक्टरचा आकडा हा पुरावा नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फॉरवर्ड होतो: 'एआयवर सरसकट बंदी घाला, प्रत्येक असाइनमेंट डिटेक्टरमधून काढा, सापडला की शून्य द्या. परदेशात हेच करतात.' (डिटेक्टर म्हणजे मजकूर एआयने लिहिला असण्याची शक्यता आकड्यात सांगणारे सॉफ्टवेअर.)

परदेशाचे आधी पाहू. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये शाळेच्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केले खरे, पण त्याच वर्षी मे महिन्यात तिथले शिक्षणप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी ती बंदी मागे घेतली. फॉरवर्डमध्ये मे महिना येत नाही.

'डिटेक्टर बरोबर पकडतो.' नाही पकडत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने असे साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे यावर ही साधने बरीच विसंबतात, त्यामुळे साधे शब्द आणि ठरावीक वाक्ये संशयास्पद ठरतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला सायन्स घेतलेली मुलगी इंग्रजी नेमके असेच लिहिते. तिने रात्र जागून लिहिलेल्या असाइनमेंटला आपण शून्य देणार? मला हे सहन होत नाही.

'चूक एखाद्या टक्क्याचीच.' अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हा हिशेब मांडला: वर्षाला ७५,००० पेपर, त्यात एक टक्का चूक, म्हणजे सुमारे ७५० पेपरांवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एआय डिटेक्टर बंद केला.

'मोकळीक दिली तर मुले शिकणारच नाहीत.' ही भीती खरी आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर प्रयोग झाला. गणिताच्या सरावात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची गणिते जास्त सुटली, पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ती मुले, चॅटबॉट मिळालाच नव्हता अशा मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. मात्र उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचे हे नुकसान बरेचसे टळले. म्हणजे बंदी की मोकळीक एवढ्यावर भागत नाही. कशासाठी आणि कोणत्या टप्प्यावर वापरायचे, हे ठरवावे लागते.

म्हणून नियम प्रत्येक कामाचा वेगळा आणि काम देतानाच लिहून दिलेला असावा. निबंधाचा पहिला खर्डा वर्गात, हाताने. प्रोजेक्टमध्ये एआय चालेल, पण काय विचारले आणि त्यातले काय घेतले, ते शेवटच्या पानावर लिहायचे. शंका आली तर दहा मिनिटांची व्हायवा घ्यावी, आणि मुलाला मराठीत उत्तर द्यायचे असेल तर देऊ द्यावे. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांची व्हायवा होणार नाही, हे मान्य. पण ज्याच्यावर आरोप करायचा, त्याची तरी झालीच पाहिजे.