चेक इंजिनचा दिवा जास्त हवेमुळे लागत नाही

बाजारातला एअर इंटेक (इंजिनला हवा पुरवणारा फिल्टर-पाइपचा संच) बसवला आणि दोन-तीन दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला, की एक ठरलेला सल्ला मिळतो. तो साधारण असा: ‘नव्या इंटेकमुळे इंजिनला जास्त हवा मिळते म्हणून दिवा लागतो, हे नॉर्मल आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार पंधरा मिनिटं काढून ठेवा, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नवी हवा शिकून घेईल. तरी लागला तर ऑक्सिजन सेन्सर बदला. गाडी चांगली पळत असेल तर दिव्याकडे लक्ष देऊ नका.’ हा सल्ला इतका फिरलाय की गाड्यांचं चांगलं जाणणारे लोकही तो बिनदिक्कत पुढे देतात. चारही वाक्यं माणसाला चुकीच्या वाटेला लावतात, आणि शेवटचं तर इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी ‘जास्त हवा’ बघू. आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिनला हवा किती मिळायची हे तिथली ती बारीक फट ठरवते. फिल्टर केवढाही मोठा लावा, त्या फटीतून जाणारी हवा वाढत नाही. आणि तरीही इंटेकनंतर लीनचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा) कोड आलेल्या कितीतरी गाड्यांत पेट्रोलच्या भरपाईचे आकडे सगळ्यात वाईट दिसतात ते नेमके आयडलवरच. जास्त हवा हे कारण असतं तर उलट व्हायला हवं होतं.

खरी भानगड हवेच्या मोजमापात आहे. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या पुढे पाइपमध्ये मॅफ सेन्सर, म्हणजे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात एक तापलेली बारीक तार असते. वाहती हवा ती तार थंड करते, आणि तिला तापलेली ठेवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन काढलं जातं. पण हा सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाइपमधल्या एका छोट्या भागातली मोजतो आणि बाकीचा हिशेब कंपनीच्या मूळ पाइपचा व्यास धरून होतो. आता ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरचा पाइप आला असं धरा. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाइपचं तोंड तब्बल १८ टक्क्यांनी मोठं झालं. तितकीच हवा आता जास्त रुंद वाटेने, म्हणून सावकाश जाते. ढोबळ मानाने सेन्सर ती १५ टक्के कमी सांगतो. ईसीयू तेवढं पेट्रोल कमी सोडतो आणि मिश्रण लीन होतं. ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, आणि भर २० ते २५ टक्क्यांच्या आसपास गेली की पी०१७१ हा कोड टाकून दिवा लावतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०१७४ येतो. म्हणूनच हे ‘नॉर्मल’ नाही. ज्या किटमध्ये सेन्सरच्या जागी मूळ व्यास राखलेला असतो आणि जोडणी नीट होते, त्या किटवर दिवा सहसा लागत नाही.

दुसरी शक्यता माझ्या मते पाइपच्या व्यासापेक्षाही जास्त आढळणारी: सेन्सरच्या पुढे कुठूनतरी हवा आत शिरते आणि ती कुणी मोजतच नाही. हे मी स्वतः एकदा डोळ्यांनी पाहिलं. क्लॅम्प घट्ट होता, पाना लावून फिरवला तरी जागचा हलत नव्हता. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात कायम किती टक्के भर घालतोय तो आकडा) आयडलला अधिक १९ आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ४. मी थ्रॉटलजवळचा सिलिकॉनचा जोड हाताने खालून वर दाबला तर आयडलचा आवाज बदलला. क्लॅम्प सोडून जोड ओढला तेव्हा दिसलं, त्याची खालची कड बसवताना आत दुमडली होती आणि तिथे नखाएवढी फट राहिली होती. वरून बघणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. कड सरळ केली, कोड पुसला, आठवडाभरात ट्रिम दोन-तीनवर आला.

त्या दोन आकड्यांतच निम्मं निदान असतं. आयडलला ट्रिम जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, म्हणजे बहुधा चोरटी हवा. फट तेवढीच राहते, पण एकूण हवा वाढली की तिचा वाटा नगण्य होतो. ट्रिम सगळीकडे जवळपास सारखाच जास्त, किंवा लोडवर (इंजिनावर भार आल्यावर) वाढत जाणारा, म्हणजे बहुधा सेन्सर कमी मोजतोय. मग पाइपचा व्यास बघा, आणि सेन्सर उलटा बसलाय का तेही बघा. हवेच्या दिशेचा बाण सहसा त्यावर असतो. वळणाच्या लगेच पुढे सेन्सर आला किंवा मूळ बॉक्समधली जाळी निघाली, तरी हवा घुसळत येते आणि आकडा नाचतो. तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते तारेवर बसतं. ती तार मॅफ क्लीनरनेच धुवा. कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, बोट तर लावूच नका.

कोड पी०१७१ नसून पी०११३ असेल तर काम सोपं. हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिलाय किंवा तार तुटलीय. स्कॅनरवर हवा उणे ४० अंश दिसते. पी०१०२ असेल तर मॅफचा कनेक्टर आणि तारा बघा.

आता ईसीयू ‘शिकून घेईल’ या वाक्याकडे. ईसीयू शिकतो हे खरंच आहे, आणि म्हणूनच सल्ला पटतो. पण दिवा लागतो तो त्याची शिकण्याची मर्यादा संपते तेव्हा. बॅटरी काढली की त्याने तोवर केलेली भरपाई पुसली जाते आणि तो शून्यापासून पुन्हा तीच चूक भरून काढायला लागतो. त्यात बरेचसे कोड गाडीच्या एका फेरीत (चालू करून बंद करेपर्यंत) दिवा लावत नाहीत. दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच लावतात. म्हणून मधले काही दिवस दिवा बंद राहतो, माणूस ‘जमलं’ असं सगळ्यांना सांगतो, आणि पुन्हा लागल्याचं सांगायला कुणी परत येत नाही. शिवाय बॅटरी काढल्याने कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमही जाते. दोष आला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे सगळं त्यात असतं. हातातला पुरावाच आपण पुसून टाकतो. तार काढण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम वाचून लिहून ठेवा, एवढं तरी ऐका.

ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लीनचा कोड देणारा सेन्सर बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो.

राहिलं दिव्याकडे दुर्लक्ष. दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात चालवूच नका. तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो वितळू शकतो. दिवा स्थिर असेल तर धोका लगेच कळत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर चूक भरून काढतो, म्हणून ‘गाडी मस्त पळते’ असं वाटतं. पण पाय पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू त्या सेन्सरच्या सांगण्यावर मिश्रण सुधारणं थांबवतो आणि मॅफच्या आकड्यावर भिस्त ठेवतो. तोच आकडा कमी असेल तर सगळ्यात जास्त भार असताना मिश्रण लीन राहू शकतं. मग नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोकठोक), मग तापलेले पिस्टन. आणि दिवा एकच असतो: तो आधीच लागलेला असेल तर उद्या दुसरा दोष आला तरी तुम्हाला कळणार नाही.

व्यास खरोखर वेगळा असेल तर ट्यून करणं, म्हणजे ईसीयूतला हिशेब नव्या पाइपप्रमाणे बदलून घेणं, हाच उपाय आहे, पण गळती आधी काढा. नाहीतर गळतीसकट ट्यून होईल. आणि काहीच सापडत नसेल तर मूळ एअर बॉक्स परत बसवा, कोड पुसा आणि आठवडाभर रोजच्यासारखी गाडी चालवा. दिवा लागला नाही तर दोष किटमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. लागला, तर काढताना ओढाताण झालेला ब्रीदरचा (इंजिनातल्या वाफा इंटेककडे नेणारा) जुना होस आधी तपासा. तो बहुधा वळणावर चिरतो.