नाव बघून फाइल ओळखणाऱ्यांनो, हात जोडतो

सोलापूरचा एप्रिल, डोकं आधीच तापलेलं. त्यात सर्व्हरवर फायलींचा ढीग, एकीलाही धड एक्स्टेन्शन नाही. साहेब म्हणे, यातल्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेल या प्रोग्रामनं चालवायच्या कमांडच्या फायली, वेगळ्या काढ. "नावाच्या शेवटी डॉट एसएच असलेल्या शोध की!" अहो, युनिक्सला नावाशी काय देणंघेणं? कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बघतो फाइलचे पहिले २ बाइट: हॅश आणि उद्गारचिन्ह. हाच शेबँग; त्याच्यापुढे फाइल कोणत्या प्रोग्रामनं चालवायची त्याचा पाथ.

बसलो पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा घेऊन. पहिली ओळ वाच, त्यात शेलचं नाव 'एसएच' शोध. झालं! एका पायथनवाल्या ओळीत 'युएसआर शेअर' असा पाथ होता, तीही शेलच ठरली. पॅटर्न घट्ट केला, तर 'एन्व्ह बॅश'वाल्या (बॅश हाही एक शेलच) निसटल्या. काहींत शेबँगच नाही; टर्मिनलवरून हाक मारली की शेल बिचारा निमूट चालवतो, म्हणून आजवर कुणाला पत्ता नाही. आणि आमचा एक महाभाग विंडोजवर लिहून पाठवतो. ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न, विंडोजचं ओळ संपवायचं जादा अक्षर. वरून सगळं चकाचक, चालवलं की 'बॅड इंटरप्रिटर', म्हणजे चालवणारा प्रोग्रामच सापडत नाही.

वैतागून पार्क चौकात चहा मारून आलो. तेवढ्यात त्याच विंडोजवाल्या गड्यानं आणखी एक फाइल टाकलेली. नाव 'फायनल२'. पहिली ओळ रिकामी, शेबँग दुसरीवर.