मास्टर्स म्हणजे खेळाला रामराम नव्हे

परदेशी मास्टर्सला जाणाऱ्यांनी खेळ विसरावा, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. इंदूरच्या अभय प्रशाल या इनडोअर स्टेडियममध्ये टेबल टेनिस शिकलेल्या पुतणीसाठी आम्ही घरात याचा बराच खल केला, म्हणून लिहितो.

अमेरिकेत एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात खेळायला पाच वर्षांची मुदत धरत आलेत. ती कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की सुरू होते, मग ते कॉलेज इंदूरचं का असेना! म्हणजे तीन वर्षांचं बी.कॉम. करून लगेच गेलं तर थोडी वर्षं हातात राहतात, मध्ये नोकरी केली तर तीही गेली. मुलांना हे कुणी वेळेवर सांगतच नाही. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटात खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही, हेही आधीच कळायला हवं. टेबल टेनिस तर एनसीएएत नाहीच.

आम्ही ब्रिटन निवडलं. तिथे एका वर्षाच्या मास्टर्सची मुलंही बीयूसीएस या तिथल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळतात, सामने बहुतेक बुधवारी दुपारी. पुतणीने बॅटींच्या रबरांवर ती जपणारी फिल्म चिकटवून दोन्ही बॅटी कपड्यांच्याही आधी बॅगेत भरल्या.

पालकांनो, विद्यापीठाच्या क्लबला मेल प्रवेश-अर्जाबरोबरच करा.