‘दोन वर्षांत नर्स, मग जगात कुठेही’: त्या फॉरवर्डला उत्तर

चवथीच्या आठ दिवस आधी वाळपईहून मामेभावाचा फोन आला. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान, कोण कधी येणार, असं काहीतरी असेल म्हणून उचलला, तर तो म्हणाला, "ताई, काजूची बाग गहाण टाकू का, सांग." मुलगी बारावी झालेली, आणि घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. तो मलाही तीन ग्रुपांतून आलेला होता, तुम्हालाही आला असेल. मजकूर थोडक्यात असा:

"कॅनडात फक्त दोन वर्षांचा प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा. पास होताच नर्स. पीआरची (कायमच्या वास्तव्याची) हमी. फी शिकता शिकता निघते. लग्न झालं असेल तर नवऱ्यालाही कामाचा परवाना. पुढे अमेरिका, इंग्लंड, दुबई, जगात कुठेही नोकरी. परत यायचं तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) थेट सिस्टर. इथे चार वर्षं कशाला फुकट घालवता?" आणि खाली एक मोबाईल नंबर.

मी चौतीस वर्षं इस्पितळात ड्यूटी केली. माझी सख्खी भाची कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हाच डिप्लोमा करून म्हाताऱ्यांच्या निवासी केंद्रात काम करते, आणि चांगलं करते. त्यामुळे या कोर्सशी माझं वैर नाही. वैर आहे ते त्या मजकुराशी.

"पास होताच नर्स." कुठली नर्स? मी त्या नंबरावर फोन लावून हेच विचारलं. "मॅडम, नर्स ती नर्स," असं उत्तर आलं. इस्पितळात एक आठवडा काढलेला माणूसही असं बोलणार नाही. आपल्याकडे एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची, बीएस्सी चार वर्षांची, आणि कोणाची सही कुठे चालते हे वॉर्डातल्या मावशीलाही ठाऊक असतं. कॅनडातही तशाच पायऱ्या आहेत. वरची रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन. ओंटारिओत शिकून आरएन व्हायचं तर २००५ पासून पदवी लागते. तिच्या खालची प्रॅक्टिकल नर्स. बहुतेक प्रांतांत तिला लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, एलपीएन म्हणतात. ओंटारिओत मात्र रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, आरपीएन. गंमत म्हणजे पश्चिमेकडच्या चार प्रांतांत आरपीएन या अक्षरांचा अर्थ रजिस्टर्ड सायकियाट्रिक नर्स, म्हणजे मनोरुग्णांची नर्स, असा होतो. त्याहून खाली पर्सनल सपोर्ट वर्कर. ती अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते. मोलाचं काम आहे, पण नर्सिंगची नोंदणी त्याला लागत नाही आणि मिळतही नाही. एजंटांच्या जाहिरातींत या तिन्ही पायऱ्यांना ‘नर्सिंग’ हाच एक शब्द असतो.

प्रॅक्टिकल नर्स औषधं देते, ड्रेसिंग करते, चार्ट लिहिते. ओंटारिओच्या नियामक संस्थेने कामाची वाटणी तीन गोष्टींवर ठेवली आहे: रुग्ण किती गुंतागुंतीचा, नर्सचं ज्ञान किती, आणि आजूबाजूला मदत किती. रुग्ण स्थिर असेल, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येत असेल, तर प्रॅक्टिकल नर्स एकटी सांभाळते. रुग्ण क्षणाक्षणाला बदलत असेल तर आरएन हवी. आयसीयूची स्वप्नं बघणाऱ्या मुलीला हे आधी सांगायला हवं. भाचीच्या वर्गातल्या दोघी केवळ याच कारणाने आज नाराज आहेत.

आणि ‘पास होताच’ हेही खरं नाही. कॉलेज पास झाल्यावर नोंदणीची परीक्षा असते. ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२ पासून ती रेक्स-पीएन. संगणकावर उत्तर चुकलं-बरोबर आलं तसा पुढचा प्रश्न बदलत जातो, कमीत कमी ९०, जास्तीत जास्त १५० प्रश्न. शिवाय कायद्याची वेगळी परीक्षा, पोलिसांचा दाखला, आणि त्या देशात काम करण्याचा अधिकार. हे सगळं जुळलं की मग नोंदणी.

यातच एक पोटफसवणूक आहे, ती आपल्या बीएस्सी, जीएनएम झालेल्या मुलींसाठी. त्यांना वर्षभराचं ‘पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ विकतात. नावात नर्सिंग असतं, ज्येष्ठांची सेवा असते, फी दणदणीत असते, पण त्याने नोंदणी होत नाही. आधीच शिकलेली नर्स पैसे भरून पुन्हा बिननोंदणीचीच राहते.

"पीआरची हमी." हमी कोणीही देऊ शकत नाही, प्रत्यक्ष कॅनडा सरकारही देत नाही. खरं आहे ते इतकंच: एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत, २०२३ पासून आरोग्यसेवेसाठी वेगळ्या निवडी होतात आणि प्रॅक्टिकल नर्स त्या यादीत आहे. ही जमेची बाजू मी नाकारत नाही. दोन वर्षांचा कोर्स चांगल्या सरकारी कॉलेजातून केला तर पुढे तीन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना मिळू शकतो, हेही खरं. पण २०२४ पासून दरवाजे किती आवळले ते फॉरवर्डवाल्याला कळलेलं नाही, की कळूनही सांगायचं नाही? जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. मे २०२४ पासून सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्याने घेऊन चालवणाऱ्या खासगी कॉलेजांत नव्याने दाखल होणाऱ्यांना नंतरचा कामाचा परवाना बंद झाला. पुढे १ नोव्हेंबर २०२४ पासून त्या परवान्यासाठी भाषेची परीक्षाही लागू झाली, म्हणजे "तिथे शिकलात की आयएल्ट्सची कटकट संपली" हेही गेलं. आणि २०२५ साठी पीआरचा ठरलेला आकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आला. हमी देणाऱ्याला विचारा, कागदावर लिहून सही करशील का?

"फी शिकता शिकता निघते." इथे पेन घेऊन बसूया. विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. ओंटारिओचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर. आठवड्याचे झाले ४२२. वर्षाचे बावन्नही आठवडे एक दिवस न चुकवता २४ तास काम केलं तरी २१,९६५ डॉलर, आणि ते कर कापण्याआधीचे. आता दुसरी बाजू. कॅनडा सरकारच म्हणतं की एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून फक्त राहण्या-खाण्यासाठी वर्षाला २२,८९५ डॉलर हवेत. सप्टेंबर २०२५ पासूनचा हा आकडा आहे, आपल्या पैशांत चौदा लाखांच्या आसपास. म्हणजे पूर्ण घाम गाळूनही नुसतं पोट भरत नाही, फी तर अजून मोजलीच नाही. लांब सुट्टीत जास्त तास करता येतात, ते धरा. पण नर्सिंगच्या मुलीला क्लिनिकल पोस्टिंग असतं. पहाटे साडेसहाला हँडओव्हरला उभं राहायचं तर रात्री बारापर्यंत कॉफीच्या दुकानात उभं राहता येत नाही. भाचीने पहिल्या सत्रात तसं करून पाहिलं. औषधांच्या मात्रेच्या गणितात तिचे गुण घसरले, तेव्हा तिने तास निम्म्यावर आणले, आणि माझ्या बहिणीने इथे सोनं गहाण ठेवलं.

नवऱ्याच्या परवान्याचं तर सरळ खोटं आहे. २१ जानेवारी २०२५ पासून हा परवाना किमान सोळा महिन्यांच्या पदव्युत्तर कोर्सच्या, डॉक्टरेटच्या आणि काही ठराविक व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाच उरला आहे. त्या ठराविक पदव्यांत नर्सिंगची पदवी आहे. प्रॅक्टिकल नर्सिंगचा डिप्लोमा नाही.

आता मोठं फुगवलेलं वाक्य: "जगात कुठेही." आपल्या गोव्यात हे वाक्य पटकन खपतं, कारण घराघरांत कोणी तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला आहे, कोणी आखातात, कोणी इंग्लंडात स्विंडनला. बोटीवरचा स्टुअर्ड एका कंपनीतून दुसरीत जातो तशी नर्सही जाईल, असं आपल्याला वाटतं. पण नर्सची नोंदणी त्या त्या जागेची असते. कॅनडाच्या आत एका प्रांतातून दुसऱ्यात जाणं बऱ्यापैकी सोपं आहे, नवी नोंदणी करावी लागते एवढंच. देशाची सीमा ओलांडली की खेळ बदलतो.

अमेरिका घ्या. तिथे एलपीएन आहे, कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये तिलाच एलव्हीएन म्हणतात. परीक्षा वेगळी, एनक्लेक्स-पीएन. पण अडचण परीक्षेची नाही, व्हिसाची आहे. परदेशी नर्सेसना ग्रीन कार्ड जरा सरळ मार्गाने मिळतं ते ‘शेड्यूल ए’ नावाच्या यादीमुळे, आणि त्या यादीत रजिस्टर्ड नर्स आहे, प्रॅक्टिकल नर्स नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेऊन टीएन व्हिसावर जाईन म्हणाल, तर त्या यादीतही रजिस्टर्ड नर्सच. एच-वन-बीला पदवीची गरज असलेलं काम लागतं. उरतो मालकाने कामगार खात्याकडून मंजुरी घेण्याचा लांबचा रस्ता, आणि त्यावर भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून मोठी; ही रांग ‘शेड्यूल ए’वाल्यांनाही चुकत नाही.

इंग्लंडमध्ये प्रॅक्टिकल नर्स ही पायरीच नाही. तिथल्या परिषदेच्या नोंदवहीत नर्स, मिडवाइफ, आणि २०१९ पासून इंग्लंडमध्ये नर्सच्या खालची नर्सिंग असोसिएट. नर्स म्हणून जायला बाहेरच्या देशातली पूर्ण रजिस्टर्ड नर्सची पात्रता लागते. "निदान केअर वर्कर म्हणून जाईन," असं म्हणणाऱ्यांनी तारीख लक्षात ठेवावी: २२ जुलै २०२५. त्या दिवसापासून परदेशातून नव्याने केअर वर्कर आणण्याचा मार्ग बंद आहे.

दुबई, अबुधाबीत संधी आहे, पण तिथेही रजिस्टर्ड नर्स आणि असिस्टंट नर्स असे परवाने वेगळे. डेटाफ्लो ही कागद पडताळणारी कंपनी प्रत्येक कागद मूळ कॉलेजाकडून तपासून घेते, आणि डिप्लोमा किती महिन्यांचा ते मोजून तिथलं आरोग्य खातं पायरी ठरवतं. असिस्टंट नर्सच्या नोकरीसाठी पस्तीस-चाळीस लाख घालून आधी कॅनडाला जायचं, हा वळसा मला तरी समजत नाही.

आणि पोर्तुगीज पासपोर्ट. हा विषय निघाल्याशिवाय गोव्यात परदेशाची चर्चा संपत नाही. भाऊ म्हणाला, "तिच्या आज्याचा जन्म १९६१ च्या आधीचा, लिस्बनला नोंद करून बिल्हेत (पोर्तुगीज ओळखपत्र) काढूया, मग युरोप खुलं." पासपोर्टाने युरोपात राहण्याचा आणि काम शोधण्याचा हक्क मिळतो. वॉर्डात नर्स म्हणून उभं राहण्याचा नाही. युरोपीय संघाच्या नियमात जनरल नर्सचं शिक्षण किमान तीन वर्षांचं आणि ४,६०० तासांचं धरलंय. दोन वर्षांचा डिप्लोमा तिथेच अडखळतो. शिवाय पोर्तुगालमध्ये रुग्ण पोर्तुगीजमध्येच कण्हतो. (इंग्लंड तर आता युरोपीय संघातच नाही. स्विंडनच्या गोष्टी सांगणारे ब्रेक्झिटच्या आधी गेलेले आहेत, हे त्यांनाही विचारून बघा.)

"परत आलात तर गोमेकॉत थेट सिस्टर." यावर जास्त शाई घालवत नाही. सरकारी स्टाफ नर्सला जीएनएम किंवा बीएस्सी आणि गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. परदेशी पात्रतेला आधी इथली समकक्षता मिळायला हवी, आणि तीन वर्षांच्या जीएनएमपुढे दोन वर्षांचा डिप्लोमा ठेवला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ‘थेट’ नोकरी तर गोमेकॉत इथल्या बीएस्सीवालीलाही मिळत नाही, जाहिरातीची वाट बघून डोळे शिणतात.

मग फॉरवर्डमध्ये खरं काहीच नाही? आहे. जगात नर्सेस कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात ५८ लाखांची तूट मांडली आहे. पण ती तूट ज्या पायरीवर आहे त्या पायरीचा कागद हातात असावा लागतो. बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमधून चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेची रजिस्टर्ड नर्सची परीक्षा, भारतात बसून देऊ शकते. इंग्लंडसाठी आयएल्ट्समध्ये ७, लेखनात ६.५, किंवा ओईटी या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेत बी, लेखनात सी प्लस, मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. वाट लांबची आहे, पण बाग शाबूत राहते. ज्यांना ‘फुकट घालवलेली चार वर्षं’ म्हणतात, तीच चार वर्षं अमेरिकेच्या त्या यादीत आत घेतात.

कॅनडातच कायमचं राहायचं, म्हाताऱ्यांची सेवा मनापासून करायची, पैशांची सोय कर्जाशिवाय आहे, अशा मुलीला मी हा डिप्लोमा कर म्हणेन. पुढे नोकरी करत करत आरएनची पदवी जोडायचे कोर्सही तिथे आहेत. भाची सध्या त्याचीच तयारी करतेय, आणखी तीन-एक वर्षं जातील म्हणते. दोन आणि तीन मिळून किती होतात, ते फॉरवर्डमध्ये नव्हतं.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं, तो नुसता हूं हूं करत होता. मग मुलीनेच फोन घेतला. "आत्या, ते कॉलेजचं नाव सांगतात ते ओंटारिओच्या नर्सिंग नियामक संस्थेच्या मान्य यादीत आहे का, कुठे बघायचं?" एजंटाला हा प्रश्न तिने आधीच विचारला होता, त्याने विषय बदलला होता. म्हटलं, ये चवथीला, माझ्या लॅपटॉपवर दोघी मिळून बघू. बागेचे कागद कपाटात ठेवायला सांग बाबांना, आणि येताना माटोळीसाठी घागऱ्यो घेऊन ये.