रक्तदात्याला रोख पैसे द्या, ही मागणी घातक आहे

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला थॅलेसेमिया आहे आणि दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावे लागते. अशा घरातल्या व्हॉट्सॲप गटावर, ऐन मे महिन्याच्या टंचाईत, काकांनी एक संदेश पुढे पाठवला: ‘तुमचे फुकटचे रक्त हजारोंना विकले जाते, रोख मोबदला मिळेपर्यंत रक्तदान करू नका, मिळू लागला की टंचाई संपेल, तोवर घरच्या रुग्णाला घरचेच रक्त द्या.’ याला उत्तर देणे भाग आहे.

रक्तपेढी घेते ती रक्ताची किंमत नव्हे, तर ते तपासण्याचे आणि साठवण्याचे प्रक्रिया शुल्क. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने तांबड्या पेशींच्या पिशवीसाठी शासकीय रक्तपेढीला 1,100 आणि खासगी रक्तपेढीला 1,550 रुपयांची मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त कोणी मागितले, तर राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करावी. उरलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, औषध कंपन्यांना पैसे घेऊन दिला जातो, हे मात्र खरे आहे आणि शिबिरात दात्याला ते क्वचितच सांगितले जाते, हेही मान्य करावे लागते. पण त्यातूनच हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, रुग्णांसाठी फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारे औषध तयार होते.

खरा घातक मुद्दा रोख मोबदल्याचा आहे. हा प्रयोग या देशात होऊन गेला आहे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला, त्यात बेकार, रिक्षा ओढणारे आणि व्यसनाधीन लोक पोटासाठी रक्त विकत असल्याचे आणि 1018 पैकी 616 रक्तपेढ्या विनापरवाना असल्याचे नमूद आहे. त्यानंतर धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. एचआयव्ही वा हिपॅटायटिसचा संसर्ग नुकताच झाला असेल, तर काही दिवस तो कोणत्याही चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाचे रक्षण करते ते केवळ दात्याने अर्जावर दिलेले खरे उत्तर. ज्याला त्या पैशांवर संध्याकाळची चूल पेटवायची आहे, तो ते उत्तर खरे कशाला देईल? पुतणीची परिचारिका पिशवीवरची तारीख, गट आणि क्रमांक मोठ्याने वाचून मगच नळी जोडते. पण दात्याने काय लपवले, हे त्या लेबलावर कुठून येणार?

घरचे रक्त अधिक सुरक्षित, हेही चूक आहे. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्याच अवयवांवर हल्ला करू शकतात. हा विकार दुर्मीळ असला तरी बहुधा जीवघेणा ठरतो, म्हणून असे रक्त विकिरण केल्याशिवाय, म्हणजे किरणांनी त्या पेशी निष्प्रभ केल्याशिवाय, देऊ नये असा नियम आहे. पुतणीच्या डॉक्टरांनी हे तिच्या आईवडिलांना सुरुवातीलाच सांगितले होते, आणि तेव्हापासून तिची प्रत्येक पिशवी अनोळखी दात्याची आहे.