मिनिमम बॅलन्स चार तास

आमच्या नौपाड्याच्या घरात रात्री अकराला बाबांचं घोरणं सुरू व्हायचं ते थेट दूधवाला येईपर्यंत. आई चार वर्षं हॉलमध्ये दिवाणावर झोपतेय. खरं सांगू, आवाजाची सवय झालेली, भीती वाटायची ती आवाज मधेच बंद पडला की, सगळं घर कान देऊन बसायचं आणि मग धक्का मारून रिक्षा स्टार्ट करावी तसे बाबा पुन्हा चालू.

एकदा बाबा लोकलने ठाण्याहून ऐरोलीला आत्याकडे निघाले आणि डोळे उघडले तेव्हा पनवेल. ऐरोली किती लांब, दोन स्टेशनं! मग मी हट्टाने स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासणारी टेस्ट, करवली. एएचआय ३८, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट होतो, ३० च्या वर गेलं की सिव्हियर. बाबा रिपोर्ट वाचून म्हणाले, "तासाला ३८? ट्रान्सहार्बरला लोकलसुद्धा एवढ्या नसतात."

मशीन आलं. झोपेत घशाची वाट मिटते, ती हवेच्या दाबाने उघडी ठेवायची, एवढंच सीपॅपचं काम. मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो की १९८० मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. झालं! "म्हणजे मी नाकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून झोपायचं?" आई हॉलमधून, "नाहीतरी तुम्ही आयुष्यात कधी झाडू हातात घेतलात?"

मग मास्कचं महाभारत. मिशीमुळे मास्क नीट बसेना, फटीतून हवा सुटून डोळ्यांत जायची, आणि मिशी काढणार नाही म्हणजे नाही, ती नोकरीला लागल्यापासूनची. शेवटी नुसते नाकपुड्यांशी टेकणारे नेझल पिलो आणले तेव्हा मिशी वाचली. घसा सुकतो म्हणून ह्युमिडिफायर, त्याला डिस्टिल्ड वॉटर, "आरओचं का नको?", तर नको, क्षार साचतात. दाब हळूहळू वाढावा म्हणून रॅम्प लावून दिला. आणि सवय व्हावी म्हणून संध्याकाळी बातम्या बघताना मास्क घालून बसवायचो, त्यात एकदा कुरियरवाला आला आणि बाबांनीच दार उघडलं, तो पार्सल ठेवून सही न घेताच पळाला.

खरी गोची पुढे. मशीनवाल्या पोराने जाता जाता म्हटलं, "काका, किमान चार तास तरी लावाच." बाबा बँकेतून रिटायर झालेले, किमान म्हटलं की मिनिमम बॅलन्स. अकराला लावायचे, बरोब्बर तीनला वेल्क्रोचा चर्र आवाज. "भरला बॅलन्स, आता पेनल्टी नाही." मी अंधारात तो चर्र ऐकत जागा! डॉक्टर म्हणाले, पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते आणि बऱ्याच जणांचा घसा तेव्हाच जास्त मिटतो, म्हणजे ऐन गर्दीत बाबा काउंटर बंद करून लंचला.

समजावून, रागावून, आईच्या डोळ्यांत पाणी आणून सगळं झालं. मग मी गुपचूप एक जाडजूड वही आणली आणि रकाने आखून दिले, तारीख, तास, लीक, एएचआय. बस. माणूस कामाला लागला. महिन्याभरात सहा-सहा तास, एएचआय ३, चार तासांच्या खाली गेलं तर लाल पेनने लिहायचं, हा नियमही स्वतःच केला. कचराळी तलावावर वॉकला जाताना वही बरोबर, तिथे आणखी एक काका सीपॅपवाले, दोघं बाकावर बसून हिशेब टॅली करतात.

परवा रात्री पावणेतीनला धाडकन दार उघडलं. लाईट गेलेली. बाबा मिशीला हात लावत उभे.

"अरे ऊठ, तीन तास बेचाळीस मिनिटांवर बंद पडलं."

"झोपा बाबा आता, येईल लाईट."

"झोपा काय झोपा? ६१ दिवसांत एक लाल एन्ट्री नाहीये! उद्या त्या वीजवाल्यांकडून लाईट गेल्याचं लेखी आणायचं, शिक्क्यासकट. वहीला जोडायचंय."