टोपण परत लावलं

दुपारी घरी आल्यापासून जेवण गेलं नाही. लांब होईल, पण वाचा.

भाचीला घेऊन खानापूरहून बेळगावला गेले होते. पाळण्यात मुलाचं नाव ठेवलं होतं, पण ती मुलगी आहे, आणि आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती, तेवढीच. ती मिळाली की हार्मोनच्या डॉक्टरांकडं जाता येतं. दोन तास बाकावर बसलो. कंपाउंडरनं भर रांगेत तिचं जुनं नाव पुकारलं, तेही दोनदा. आत डॉक्टरांनी पेन उघडलं, पोरीकडं बघितलं आणि टोपण परत लावलं. मला म्हणाले, "लग्न करून टाका, सुधारेल." तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

काय सुधारायचंय? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 सालीच हे मानसिक आजारांतून काढलं. त्याच वर्षीच्या आपल्या देशाच्या ट्रान्सजेंडर कायद्यात लिहिलंय की हार्मोनच्या उपचारांची सोय सरकारनं करायची. डॉक्टरांना हे माहीत नसेल? आणि हीच माणसं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या तृतीयपंथींच्या पाया पडतात, कपाळाला भंडारा लावून घेतात. तिथं हात जोडायचे आणि इथं पेनाला टोपण!

मान्य, बाहेर साठ-सत्तर पेशंट होते. घाईनं औषध सुरू करू नये, हेही मान्य. मग तपासा की! चार प्रश्न विचारा, पुन्हा बोलवा. नुसतं हाकलून काय होतं ते सांगते. पोरगी आठ महिने मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खात होती. फोनवर कुणी सांगितल्या म्हणून. रक्त एकदाही तपासलेलं नाही. त्या गोळ्यांनी पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, पोटॅशियम वाढू शकतं. मला हे गेल्या महिन्यात कळलं, तिच्या उशीखाली पाकीट सापडलं तेव्हा. ओरडले मी तिला. नको होतं ओरडायला.

माझ्या यादीतले तुम्ही बहुतेक जण 1 नोव्हेंबरला सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या फेरीत काळ्या फिती लावून असता. 2014 साली त्याच तारखेला आपल्या बेळगावचं नाव आपल्याला न विचारता कागदावर बदलून 'बेळगावी' केलं, तेव्हा किती जळलो होतो आपण. त्याच 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आपण पुरुष की स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नाव दुसऱ्यानं लिहिलं की काय होतं, हे तुम्हाला मी समजावायला नको.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. देसूरच्या पुढं हळूच म्हणाली, "मावशी, त्यांनी पेन उघडलं होतं गं."

कोल्हापूर, मिरज, हुबळी, कुठंही असो, पोरीशी नीट बोलून चिठ्ठी देणारे डॉक्टर माहीत असतील तर मला मेसेज करा. बसचे पैसे डब्यात बाजूला ठेवलेत. सोमवारी मला सुट्टी आहे.